सीएसएम बंद केलं की विंडोज सुरूच होत नाही, हा लेगसी बूटचा नेमका प्रकार काय आहे?

वारणाकाठ

नमस्कार मंडळी. आमचं खत-बियाण्यांचं दुकान आहे, दुकानातला कॉम्प्युटर २०१९ ला असेंबल करून घेतलेला. आय३ ८१००, एच३१० चिपसेटचा बोर्ड, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्डडिस्क, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. विंडोज १० आहे, त्याचे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले म्हणून ११ टाकायचं ठरवलं तर ते हेल्थ चेकचं ॲप म्हणतंय सिक्युअर बूट पाहिजे. बायोसमध्ये गेलो तर सिक्युअर बूटची ओळ राखाडी, निवडताच येत नाही.

यूट्यूबवर एकजण सांगत होता की सीएसएम नावाचं सेटिंग डिसेबल करा मग ती ओळ उघडते. केलं, उघडली पण. पण सेव्ह करून रिस्टार्ट केलं तर विंडोज येतच नाही, फिरून बायोसच्याच स्क्रीनवर, आणि बूटच्या यादीत हार्डडिस्कचं नावच नाही. परत सीएसएम एनेबल केलं तर सगळं जसंच्या तसं चालू.

आता मला हे कळत नाही की डिस्क तीच, विंडोज तेच, मग एका सेटिंगनं डिस्क गायब कशी होते? सीएसएम चालू ठेवलं तर काही तोटा आहे का? आणि मुख्य म्हणजे ई ड्राइव्हवर दुकानाचा टॅलीचा सगळा डेटा आहे, हे चालू-बंद करण्यात तो उडणार नाही ना? ज्यांनी मशीन बनवून दिलं ते म्हणतात फॉरमॅट मारावं लागेल. खरंच तेवढा एकच मार्ग आहे का?

रिपेअरकट्टा

डेटाला काही झालेलं नाही. सीएसएम चालू-बंद केल्यानं डिस्कवर एक अक्षरही लिहिलं जात नाही, ते फक्त बोर्डाला सांगतं की मशीन कुठल्या पद्धतीनं सुरू करायचं. फॉरमॅटशिवाय मार्ग आहे, तो खाली सांगतो, पण आधी प्रकार समजून घ्या नाहीतर अर्ध्यात अडकाल.

तुमच्या बोर्डावर जुन्या अर्थाचं बायोस नाहीच. विंडोज ८ आलं, २०१२ ची गोष्ट, तेव्हापासून जवळपास सगळ्या बोर्डांवर यूईएफआय असतं, आपण सवयीनं बायोस म्हणतो एवढंच. जुनं बायोस म्हणजे १९८१ च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेली पद्धत. त्याला फाइल कळत नाही, फोल्डर कळत नाही, एनटीएफएस कशाशी खातात ते माहीत नाही. ते डिस्कचा अगदी पहिला सेक्टर उचलतं, ५१२ बाइटचा, मेमरीत एका ठरलेल्या जागी ठेवतं, शेवटचे दोन बाइट ५५ आणि एए आहेत का बघतं आणि असले की सगळा कारभार त्या सेक्टरमधल्या कोडवर सोपवून मोकळं होतं. ह्या ५१२ मध्ये ४४६ बाइट कोड, ६४ बाइट पार्टिशनचा तक्ता आणि २ बाइटची ती खूण, झालं. ह्यालाच एमबीआर म्हणतात. ६४ बाइटात १६-१६ च्या चारच नोंदी बसतात, म्हणून एमबीआर डिस्कला चारच प्रायमरी पार्टिशन. आणि नोंदीत सेक्टरचा आकडा ३२ बिटचा, म्हणून साधारण २ टीबीच्या पुढची जागा त्याला दिसतच नाही.

यूईएफआयचं वेगळं आहे. हे इंटेलनं नव्वदच्या दशकात इटेनियम मशीनसाठी सुरू केलं, २००५ पासून यूईएफआय फोरम बघतं. ह्याला जीपीटी, म्हणजे एमबीआरच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीची पार्टिशनं कळतात, फॅट३२ वाचता येतं. डिस्कवर एक लहानसं ईएफआय सिस्टम पार्टिशन असतं, त्यात बूटची फाइल असते आणि त्या फाइलचा पत्ता बोर्ड स्वतःच्या चिपमध्ये लिहून ठेवतो. म्हणून यूईएफआयमधून टाकलेलं विंडोज असेल तर बूटच्या यादीत विंडोज बूट मॅनेजर असं नाव दिसतं, आणि लेगसीत, म्हणजे जुन्या बायोसच्या पद्धतीनं टाकलेलं असेल तर नुसतं डिस्कच्या कंपनीचं नाव आणि मॉडेल नंबर.

आता सीएसएम, म्हणजे कंपॅटिबिलिटी सपोर्ट मॉड्यूल. हा यूईएफआयच्या आतलाच एक भाग आहे. मशीन सुरू यूईएफआयमध्येच होतं, रॅम डिस्क सगळं तेच जागं करतं, मग डिस्कवर जुन्या पद्धतीचं काही सापडलं की सीएसएम प्रोसेसरला परत १६ बिटच्या मोडमध्ये नेतं, डिस्क वाचायचा इंटरप्ट १३ आणि स्क्रीनवर लिहायचा इंटरप्ट १० अशा जुन्या बायोसच्या सेवा उभ्या करतं आणि तो पहिला सेक्टर उचलून चालवतं. तुमच्या विंडोजला वाटतं आपण बायोसच्याच मशीनवर आहोत. सीएसएम बंद केलं की पहिला सेक्टर चालवणारं कोणी उरत नाही, ईएफआयची फाइल तर डिस्कवर नाहीच, मग बोर्डाच्या दृष्टीनं त्या डिस्कवरून सुरू करण्यासारखं काही नाही. म्हणून यादीत नाव नाही. डिस्क गायब झालेली नाही, सेटिंगमध्ये साटा पोर्टच्या पानावर जाऊन बघा, तिथं दिसत असणार.

सिक्युअर बूट राखाडी का, तर सिक्युअर बूटचं काम असं की बूटची फाइल सही केलेली असेल तरच चालवायची. एमबीआरमधल्या त्या ४४६ बाइटच्या कोडला सहीच नसते, कोणीही तिथं काहीही लिहून ठेवू शकतं, जुने बूट व्हायरस तिथंच बसायचे. म्हणजे सीएसएम चालू ठेवून सिक्युअर बूटला काही अर्थच उरत नाही, म्हणून बोर्ड दोन्ही एकावेळी चालू करू देत नाही.

तुम्ही विचारलंत तोटा काय, तर विंडोज १० पुरतं रोजच्या कामात काही फरक जाणवणार नाही. ११ साठी मात्र यूईएफआय, सिक्युअर बूटची सोय आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) हे तिन्ही लागतं. तुमचा आय३ ८१०० ११ च्या यादीत बसतो, टीपीएमसाठी वेगळी चिप नको, बोर्डात इंटेल पीटीटी नावाचं सेटिंग असेल ते चालू करा. म्हणजे मशीन पात्र आहे, फक्त विंडोज चुकीच्या दारानं आत आलंय.

ते तसं कसं झालं असेल ते पण सांगतो. सीएसएम चालू असताना पेनड्राइव्ह बूट मेन्यूत दोनदा दिसतो, एकदा पुढं यूईएफआय लिहिलेला आणि एकदा नुसता. नुसता निवडला की विंडोजचा सेटअप लेगसीत उठतो आणि डिस्क एमबीआरच करतो. पुढच्या वेळी कोणाकडूनही मशीन करून घ्याल तेव्हा हे एवढं विचारून घ्या.

उनाडपोर

दादा माझं उलटंच झालंय जरा इकडे पण बघा. रायझन ५ ३६०० आणि बी४५० बोर्ड, मित्राकडून घेतलेलं जुनं जीटीएक्स ६५० लावलंय. विंडोज ११ आहे आणि व्हॅलोरंट गेमला सिक्युअर बूट पाहिजे म्हणून सीएसएम बंद केलं तर आता स्क्रीनच येत नाही, बायोस पण दिसत नाही, पंखे फिरतायत, कीबोर्डची लाइट लागतीय पण मॉनिटर म्हणतो नो सिग्नल. बोर्ड गेला का??

खडीसाखर

@वारणाकाठ माझं स्पष्ट मत, ह्या कन्व्हर्जनच्या भानगडीत पडू नका. एक २५६ किंवा ५१२ ची एसएसडी घ्या, सीएसएम बंद करा, तिच्यावर यूईएफआयमधून स्वच्छ विंडोज ११ टाका आणि जुनी हार्डडिस्क तशीच डेटासाठी जोडून ठेवा. एमबीआर डिस्क डेटासाठी यूईएफआय मशीनमध्ये पण व्यवस्थित चालते, फक्त तिच्यावरून बूट होत नाही. तसंही विंडोज ११ आणि फिरणारी हार्डडिस्क म्हणजे सकाळी दुकान उघडून चहा येईपर्यंत बघत बसायचं. जुन्या विंडोजवर टॅलीशिवाय काय-काय आहे, प्रिंटर, जीएसटीची सही, ते पुन्हा बसवायची तयारी मात्र हवी.

रिपेअरकट्टा

खडीसाखर म्हणतायत ते बरोबर आहे, एसएसडीचा खर्च जमत असेल तर तोच रस्ता चांगला, आणि डेटाची डिस्क एमबीआर राहिली तरी चालते हा मुद्दा फार लोकांना माहीत नसतो. पण सगळं नव्यानं बसवायचं नसेल तर मायक्रोसॉफ्टचंच टूल आहे, विंडोज १० च्या १७०३ व्हर्जनपासून सिस्टममध्येच येतं, बाहेरचं काही डाउनलोड करू नका. वेगवेगळ्या पार्टिशन मॅनेजरच्या जाहिराती दिसतील, गरज नाही त्यांची.

सगळ्यात आधी टॅलीच्या डेटाची कॉपी बाहेरच्या डिस्कवर. टूल डेटा उडवत नाही, पण मध्येच लाइट गेली तर? इन्व्हर्टर किंवा यूपीएस असेल त्याच वेळी करा. मग सिस्टम इन्फर्मेशन उघडून बायोस मोड ही ओळ बघा, तिथं लेगसी लिहिलेलं असेल. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, डिस्कपार्ट चालवून लिस्ट डिस्क म्हणा, जीपीटीच्या कॉलममध्ये फुली किंवा चांदणी नसेल तर ती एमबीआर, आणि विंडोजची डिस्क कितव्या नंबरची आहे तेही तिथंच बघून घ्या, एकच डिस्क असेल तर ती शून्य.

मग एक्झिट करून ही कमांड, मी मोबाइलवरून देवनागरीत लिहितोय, तुम्ही टाइप करताना सगळं इंग्रजी अक्षरांत करा: एमबीआर२जीपीटी /व्हॅलिडेट /डिस्क:० /अलाऊफुलओएस. ह्यानं काही बदलत नाही, फक्त तपासून सांगतं की जमेल का. यशस्वी असं आलं तरच पुढं, तीच कमांड व्हॅलिडेटच्या जागी कन्व्हर्ट लिहून. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं) चालू असेल तर आधी सस्पेंड करा. रूपांतर झाल्यावर विंडोज लेगसीत उठणार नाही, म्हणून लगेच बायोसमध्ये जाऊन सीएसएम बंद करायचं. ह्या क्रमाला महत्त्व आहे, आधी डिस्क, मग सेटिंग. विंडोज नीट सुरू झालं आणि बायोस मोडमध्ये यूईएफआय दिसलं की मगच सिक्युअर बूटला हात लावा. तिथं फॅक्टरी की लोड करायचं विचारेल, हो म्हणा.

@उनाडपोर बोर्ड ठीक आहे. कार्डाचा प्रश्न आहे, खाली कोणीतरी सविस्तर सांगेल नाहीतर मी रात्री लिहितो.

लिनक्सवेडी

@उनाडपोर मी सांगते. ग्राफिक्स कार्डावर स्वतःचं एक छोटं फर्मवेअर असतं. जुन्या कार्डांत ते फक्त बायोसच्या पद्धतीचं, इंटरप्ट १० वालं. यूईएफआयला स्क्रीनवर काही दाखवायचं तर कार्डात जीओपी नावाचा ड्रायव्हर लागतो. सीएसएम चालू असताना बोर्ड जुनं फर्मवेअर चालवून घेतो, बंद केलं की कार्ड मुकं होतं. जीटीएक्स ६०० ची मालिका नेमकी २०१२ ची, अदलाबदलीच्या काळातली, काही कार्डांत जीओपी आलं होतं, काहींत नव्हतं. आणि तुमच्या ३६०० मध्ये आतलं ग्राफिक्स नाहीच, म्हणजे दुसरा पोर्ट वापरायचा पर्याय पण नाही.

आता मशीन बंद करून प्लग काढा, बोर्डावरचा सीमॉस क्लिअरचा जंपर मॅन्युअलमध्ये बघून जोडा, किंवा तो गोल सीआर२०३२ सेल काढून थोडा वेळ थांबा आणि परत बसवा. सेटिंग मूळ जागी येतील आणि तुमच्या बोर्डावर सीएसएम मुळात चालू असेल तर स्क्रीन येईल. नाहीच आली तर एखादं नवीन कार्ड तात्पुरतं मागून आणा, ते लावून सेटिंग बदला. स्क्रीन आल्यावर विंडोजमध्ये जीपीयू-झेड उघडा, त्यात यूईएफआय म्हणून चौकोन असतो, टिक नसेल तर कार्डात जीओपी नाही. त्या काळात काही कंपन्यांनी ६०० मालिकेसाठी यूईएफआयवालं व्हीबायोस, म्हणजे कार्डाचं ते फर्मवेअर, दिलं होतं, तुमच्या नेमक्या मॉडेलसाठी कंपनीच्या साइटवर असेल तरच टाका, दुसऱ्या मॉडेलचं चुकूनही नको, कार्ड कायमचं जाईल. मला विचाराल तर त्यापेक्षा कार्ड बदला. पुढं नवीन घेतलंत तर रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) वापरायला पण सीएसएम बंदच लागतं.

आणि एक सगळ्यांसाठी. जीपीटी म्हणजे यूईएफआयच असं नाही. लिनक्स बायोस मोडमध्ये जीपीटी डिस्कवरून पण उठतं, ग्रबसाठी, म्हणजे लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रामसाठी, १ एमबीचं बायोस बूट पार्टिशन ठेवलं की झालं. बायोस मोड आणि जीपीटी ही जोडी फक्त विंडोजला बूट करायला चालत नाही. ड्युअल बूट करणार असाल तर दोन्ही सिस्टम एकाच मोडमध्ये टाका, एक लेगसीत आणि एक यूईएफआयमध्ये असली की ग्रब दुसरीला उठवू शकत नाही, मग दर वेळी बोर्डाच्या मेन्यूतून निवडत बसावं लागतं. कुठल्या मोडमध्ये आहात ते लिनक्समध्ये बघायचं तर सिस फोल्डरमधल्या फर्मवेअरमध्ये ईएफआय नावाचं फोल्डर आहे का बघा. असलं तर यूईएफआय.

वारणाकाठ

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. डेटाची कॉपी झाली. पण व्हॅलिडेट फेल येतंय, डिस्क लेआउट व्हॅलिडेशन फेल्ड फॉर डिस्क ० असं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये बघितलं तर सिस्टम रिझर्व्हड, सी, डी ह्यांच्या वर गडद निळी पट्टी आणि ई च्या भोवती हिरवी चौकट आहे. आता काय?

लिनक्सवेडी

ती हिरवी चौकटच अडचण आहे. वर सांगितलंय ना एमबीआरमध्ये चारच नोंदी, तर तुमच्याकडं सिस्टम रिझर्व्हड, सी आणि डी ह्या तीन प्रायमरी झाल्या, चौथं पार्टिशन करायला गेलं की डिस्क मॅनेजमेंट उरलेली जागा एक्सटेंडेड करून तिच्या आत लॉजिकल ड्राइव्ह काढतं. हिरवी चौकट म्हणजे एक्सटेंडेड, आतला ई म्हणजे लॉजिकल. आपल्याकडच्या बहुतेक असेंबल मशीनमध्ये सी-डी-ई-एफ करून देतात त्यामुळे हे फार ठिकाणी भेटतं. आणि ते टूल एक्सटेंडेड-लॉजिकल घेतच नाही, जास्तीत जास्त तीन प्रायमरी चालतात कारण चौथी जागा त्याला ईएफआय पार्टिशनसाठी लागू शकते.

उपाय एवढाच की ई वरचं सगळं, फक्त टॅली नाही, फोटो, जुनी बिलं, काय असेल ते सगळं बाहेरच्या डिस्कवर नेऊन तिथून एकदोन फाइली उघडून बघा. टॅली त्या कॉपीवरून उघडतंय का ते पण बघा. मग ई डिलीट, मग उरलेली हिरवी रिकामी जागा पण डिलीट, म्हणजे ती काळ्या पट्टीची अनअलोकेटेड होईल. आता व्हॅलिडेट करा. पास झालं तर कन्व्हर्ट. जीपीटी झाल्यावर त्याच जागेत परत ई काढा, अक्षर ई च द्या म्हणजे टॅलीचा डेटाचा रस्ता बदलावा लागणार नाही. जीपीटीत विंडोज १२८ पार्टिशनं देतं त्यामुळे हा एक्सटेंडेडचा प्रकार परत येणार नाही.

छिन्नी_हातोडा

ह्या धाग्यात दुसरी बाजू पण यावी म्हणून लिहितो. शिरोली एमआयडीसीतल्या मशीन शॉपची मेंटेनन्सची कामं बघतो. आमच्याकडं एका टेस्टिंग बेंचचं सॉफ्टवेअर डॉसवर चालतं, बनवणारी कंपनी राहिली नाही, सॉफ्टवेअर बदलायचं म्हणजे अख्खा बेंच बदलायचा. डॉस पूर्णपणे बायोसच्या इंटरप्टवर जगतं, सीएसएम नसेल तर ते उठणारच नाही. अशा लोकांना सरसकट सीएसएम बंद करा सांगू नका.

आणि ते मिळणं अवघड होत चाललंय. इंटेलनं २०१७ मध्येच सांगितलं होतं की २०२० पर्यंत जुन्या बायोसचा आधार काढायचा, आणि ५०० मालिकेच्या चिपसेटपासून बोर्डावरच्या ग्राफिक्सला लेगसी नाही, वेगळं कार्ड लावलं तरच कित्येक बोर्डांवर सीएसएमची ओळ उघडते. लॅपटॉपमध्ये तर बऱ्याच मॉडेलमधून ती ओळच गेलीय. म्हणून अशा कामासाठी बोर्ड घेताना आधी मॅन्युअलची पीडीएफ उघडून सीएसएम शोधा, दुकानदाराच्या बोलण्यावर जाऊ नका.

सीएसएमच्या खाली ऑप्शन रॉमची सेटिंग असतात त्याबद्दल कोणी बोललं नाही. व्हिडिओ, स्टोरेज, नेटवर्क अशा तीन-चार ओळी, प्रत्येकीला लेगसी, यूईएफआय किंवा चालवूच नका असे पर्याय. ह्याचा अर्थ त्या-त्या कार्डावरचं फर्मवेअर कुठल्या पद्धतीनं चालवायचं. जुनं रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र चालवणारं) असेल तर स्टोरेज लेगसीवर लागतं नाहीतर त्याचा मेन्यूच येत नाही. नेटवर्कवरून बूट करत नसाल तर नेटवर्कची ओळ बंद ठेवा, सुरू व्हायचा वेळ वाचतो. आणि विंडोज ७ ची ६४ बिट सिस्टम यूईएफआयमध्ये टाकली तरी तिला स्क्रीनसाठी इंटरप्ट १० लागतो, म्हणून सीएसएम बंद असलं की ती लोगोवरच थिजते. लोक डिस्क खराब समजून डिस्क बदलतात.

उनाडपोर

सेल काढून बसवला, स्क्रीन आली!! जीपीयू-झेडमध्ये यूईएफआयला टिक नाहीये. कंपनीच्या साइटवर माझ्या मॉडेलचं व्हीबायोस पण नाही. सीएसएम चालू ठेवतो आता, दिवाळीला कार्ड बघू.

वारणाकाठ

ई रिकामा करून डिलीट केला, हिरवी चौकट पण काढली, व्हॅलिडेट पास, कन्व्हर्ट झालं. सीएसएम बंद, यादीत आता विंडोज बूट मॅनेजर दिसतंय आणि सिस्टम इन्फर्मेशनमध्ये यूईएफआय. पीटीटी आणि सिक्युअर बूट दोन्ही चालू केलं, ॲप म्हणतंय ११ चालेल. ई परत काढून टॅली उघडलं, सगळ्या कंपन्या दिसतायत. ११ मात्र एसएसडी आल्यावरच टाकतो, खडीसाखर यांचं ते पटलंय. एक राहिलं, आता ही डिस्क जीपीटी झालीये तर एसएसडीवर हीच विंडोज क्लोन केली तर चालेल का, की तिथं नव्यानंच टाकू?

खडीसाखर

क्लोन चालेल, फक्त क्लोन करताना सी एकटं नका घेऊ, ईएफआयचं लहान पार्टिशन पण बरोबर गेलं पाहिजे, नाहीतर नवीन डिस्कवर बूटची फाइलच नसेल. डी आणि ई जुन्या डिस्कवरच राहू दे. पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवा आणि एकट्या एसएसडीवर विंडोज येतं का बघा, आलं की मग जुनी परत जोडा आणि बूटच्या यादीत एसएसडीवालं विंडोज बूट मॅनेजर वर आहे ना तेवढं बघून घ्या.